वळणाबाहेरचे अक्षर

(ज्ञातिमंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात सोलापूर येथे केलेले भाषण)



दरवर्षी या समारंभात आमच्याकडे एक ठरलेले काम असते. सुंदर हस्ताक्षर स्पर्धेचा निकाल वाचून दाखवायचा आणि त्या निमित्ताने मुलांस चार शब्द सांगायचे. ही स्पर्धा सुरू व्हावी म्हणून मंडळाकडे आग्रह धरणारे आम्हीच होतो, आणि आमच्या कैलासवासी वडिलांच्या नावाची ढालही आम्हीच ठेवलेली आहे. यंदा निकाल दुसऱ्यांनी वाचला. परीक्षक म्हणून बसण्यास आम्ही नकार दिला, तेव्हा कार्यकारी मंडळाने कारण विचारले, आणि ते कारण सर्वांसमक्ष सांगावे अशी आज्ञा केली. त्या आज्ञेप्रमाणे आपणांपुढे उभे आहोत.

आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन, पुढे डी. एड. करून प्राथमिक शाळेत लागलो आणि छत्तीस वर्षे मुलांस शिकवून निवृत्त झालो. गणितात, इंग्रजीत आमच्याहून सरस शिक्षक पुष्कळ होते. परंतु अक्षराच्या बाबतीत आमच्या वर्गाचा लौकिक होता. वह्या तपासावयास साहेब आले की मुख्याध्यापक आमच्या वर्गाच्या वह्या पुढे करीत. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस दिलेला आहे. ग्रंथाच्या आरंभी अक्षर जसे गोल आणि सुटे, तसेच ते अखेरीस असावे, हा त्याचा आशय आम्ही दरवर्षी जून महिन्यात मुलांस समजावून सांगत असू. तो उपदेश समर्थांनी ब्राह्मणांस उद्देशून केला आहे, हे मात्र आम्ही मुलांस कधी सांगितले नाही. आमच्या घरात आजोबांपर्यंत कोणी लेखणी धरली नव्हती. सर्वांच्या हाती सुई होती. आपणांपैकी बहुतेकांच्या घरची गोष्ट हीच आहे. त्यामुळे लेखणी आमच्या हाती आली तेव्हा ती आम्ही देव्हाऱ्यातील टाकासारखी पूजली, आणि जो मुलगा तिचा मान राखीत नाही तो आम्हांस अपराधी वाटू लागला.

असा एक अपराधी १९८८ साली आमच्या चौथीच्या वर्गात होता. मुलगा आपल्याच समाजातला. त्याचे वडील शिवणयंत्र चालवीत, आई काजे-बटणे करी. पाढे विचारावेत तर तीस पर्यंत धडाधडा म्हणे. गोष्ट एकदा सांगितली की दुसऱ्या दिवशी पात्रांच्या आवाजासह परत सांगे. पण वही उघडली की कोंबडीचे पाय! एक अक्षर दुरेघीच्या वर, दुसरे खाली, तिसरे पहिल्याच्या अंगावर चढलेले. एका ओळीत एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला. फळ्यावरील पाच ओळी उतरवून घेण्यास त्यास मधली सुट्टी पुरत नसे. आम्ही त्याला आळशी ठरविले. तोंडाचा हुशार आणि हाताचा चुकार, असे वर्गात सर्वांसमक्ष म्हणत असू. एक पान दहा वेळा लिहून आणण्याची शिक्षा करीत असू. दहावे पान पहिल्यापेक्षा वाईट येई, आणि तो उद्धटपणा समजून आम्ही छडी घेत असू. एके दिवशी त्याची वही टरकावून वर्गाबाहेर फेकली. मुलगा बाहेर गेला, पाने गोळा केली आणि ती पोटाशी धरून दारात उभा राहिला. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. त्याच्या वडिलांस आम्हीच सल्ला दिला होता की त्याला धंद्यात घाला.

पुढे २००७ साली ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला. पाचगणीच्या निवासी शाळेत पाठविलेला तो मुलगा आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. आम्ही तो सहकुटुंब पाहिला आणि डोळे पुसत बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन एका मुलास सात पाने पुस्ती काढावयास सांगितले. चित्रपटगृहातला मुलगा आणि आपल्या बाकावरचा मुलगा एकच असू शकतो, हे तेव्हा मनात आले नाही. हे सांगताना लाज वाटते, पण सांगितले पाहिजे.

ते मनात आले आमच्या घरात. आमच्या मुलीचा मुलगा करोनाच्या काळात, २०२० साली, तिसरी-चौथीत होता. शाळा भ्रमणध्वनीवर चाले. बाई प्रश्न विचारीत आणि आमचा नातू सर्वांआधी उत्तर देई. घरात कौतुकाला पूर आला. पुढे शाळा प्रत्यक्ष भरू लागली, वह्या आल्या, आणि त्याच मुलाच्या प्रगतिपत्रकावर तांबड्या शाईच्या रेघा उमटू लागल्या. मुलगी रडत आमच्याकडे आली. आम्ही म्हणालो, काळजी करू नकोस, तुझ्या बापाने शेकडो मुलांस वळण लावले आहे. तीन महिने त्याला माझ्या ताब्यात दे.

ते तीन महिने आम्ही विसरणार नाही. रोज पहाटे कित्ता, सायंकाळी श्रुतलेखन. मुलगा हट्टी नव्हता. दात आवळून लिही, पेन्सिलीचे टोक मोडेपर्यंत दाबी, आणि अर्ध्या पानानंतर मनगट चोळीत बसे. तीन महिन्यांनी अक्षर होते तिथेच होते. एके सायंकाळी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेवर निबंध लिहावयाचा होता. पाऊण तासात त्याने चार वाक्ये लिहिली. आमचा आवाज चढू लागला, तेव्हा तो हळूच म्हणाला, “आजोबा, मी सांगतो, तुम्ही लिहाल का?”

आम्ही लिहू लागलो. सात नंदीध्वज, काठीचा तोल सांभाळणाऱ्या माणसाच्या मानेवरच्या ताठ झालेल्या शिरा, बाराबंदीचा पांढरा रंग, अक्षता सोहळ्याची गर्दी, तळ्याकाठचा वारा. मुलगा बोलत होता आणि आमचा हात त्याला पुरत नव्हता. चार पाने झाली. लिहिता लिहिता आम्हांस १९८८ सालचा तो दारात उभा राहिलेला मुलगा दिसला, आणि पुढचे वाक्य त्यास पुन्हा सांगावयास लावले.

नंतर नातवास पुण्यास नेऊन तपासण्या केल्या. डोळे झाले, कान झाले, बुद्धिमापन झाले, वाचन-लेखनाच्या चाचण्या झाल्या. बुद्धी चांगलीच निघाली. दोषाचे नाव सांगण्यात आले डिस्ग्राफिया, म्हणजे लेखन-अक्षमता. अध्ययन-अक्षमतेचा हा एक प्रकार आहे. वाचताना अडतो तो डिस्लेक्सिया, आकड्यांत अडतो तो डिस्कॅल्क्युलिया, लिहिताना अडतो तो हा. पुष्कळदा दोन एकत्र असतात. आईबापांच्या हयगयीने, लाडाने वा गरिबीने हा दोष येत नाही. मेंदूची घडणच तशी असते. तो औषधाने जात नाही, आणि छडीने तर नाहीच नाही.

हे नेमके काय असते, ते आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. शिवणयंत्र चालविणाऱ्याचे लक्ष कापडाच्या शिवणीवर असते. पाय आपोआप चालतो. पाय आता खाली, आता वर, असा दर वेळी विचार करावा लागला तर शिवण सरळ येईल काय? तुमचे-आमचे लिहिणे असेच आपोआप चालते. क कसा काढावा याचा विचार आपण करीत नाही. मनात विचार येतो आणि हात तो कागदावर ठेवतो. या मुलांचा हात आपोआप चालत नाही. प्रत्येक अक्षराचा आकार त्यांस नव्याने आठवावा लागतो, रेघेवर नव्याने बसवावा लागतो. सगळी शक्ती तिकडे खर्च होते, आणि जे लिहावयाचे ते मध्येच निसटून जाते. त्यातून आपली लिपी! उच्चारात मागून येणारी ऱ्हस्व वेलांटी कागदावर आधी दिसते. आधी उच्चारलेला रफार शेवटी डोक्यावर चढतो. उकार खाली लोंबतो. जोडाक्षरात एक अक्षर दुसऱ्याच्या पोटात शिरते. घ आणि ध, भ आणि म यांच्यात एका गाठीचे अंतर. वर शिरोरेषा. छत्तीस वर्षे ही लिपी शिकविली, पण ती इतकी अवघड आहे हे आम्हांस नातवाच्या शेजारी बसल्यावर कळले.

प्रत्येक गचाळ अक्षर म्हणजे हा दोष नव्हे, हेही सांगून ठेवतो. घाईने, सवयीने, धरण्याच्या चुकीने बिघडलेले अक्षर सरावाने सुधारते, आणि सराव करून घेणे हे शिक्षकाचे कामच आहे. (डॉक्टरांच्या अक्षरास आपण हसून सोडून देतो आणि आठ वर्षांच्या पोरास बडवितो, ही गोष्ट निराळी.) पण तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर यांत जमीन-अस्मानाचे अंतर असेल, प्रामाणिक सराव करूनही वर्षभरात फरक पडत नसेल, लिहिण्याचे नाव काढताच मुलाच्या पोटात दुखत असेल, तर वही बाजूस ठेवावी आणि मूल तपासून घ्यावे.

महात्मा गांधींनी आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराबद्दल खंत व्यक्त केली आहे, आणि वाईट अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचे लक्षण मानावे असे म्हटले आहे. हा उतारा आम्ही वर्गात पाठ म्हणून दाखवीत असू. त्याच ठिकाणी त्यांनी पुढे असेही सुचविले आहे की मुलास आधी चित्रे काढावयास शिकवावे आणि मग अक्षरे. हा भाग आम्ही वगळीत असू, कारण चित्रकलेचा तास आम्ही शुद्धलेखनास घेतलेला असे. नातवाच्या उपचारात पहिले सहा महिने काय होते म्हणाल तर माती मळणे, मणी ओवणे, फळ्यावर हात मोकळा सोडून मोठमोठी वेटोळी काढणे. लेखणी फार पुढे आली, तीही जाड आणि पकडीची. आज त्याचे अक्षर वाचता येते, सुंदर मात्र नाही. मोठा मजकूर तो कळफलकावर टंकतो, नाही तर भ्रमणध्वनीपुढे मराठीत बोलतो आणि अक्षरे पडद्यावर उमटतात.

निदान झाल्यावर नातवाचा गणवेश शिवावयाचा म्हणून आम्ही मुद्दाम नवी पेठेमागच्या एका बोळात गेलो. आपले सोलापूर शाळेच्या गणवेशांसाठी परगावीही ओळखले जाते, आणि त्या धंद्यात उत्तम बेतणारा म्हणून ज्याचे नाव घेतात त्याचे दुकान तिथे आहे. तो १९८८ सालचा मुलगा. लेखन-अक्षम माणसाचा हात इतर कामांतही अडतोच असे नाही. याची कात्री पाण्यातून जावी तशी कापडातून जाते. त्याने नातवाची मापे घेतली, छाती, खांदा, बाही, आणि तोंडाने म्हटली. वहीत लिहून घेतली ती त्याच्या पत्नीने. आम्ही विचारले, तू का लिहीत नाहीस? तो हसून म्हणाला, “गुरुजी, आकडा लिहायला गेलो की बाही डोक्यातून जाते. ही लिहिते, मी बेततो.” मग आम्ही त्यास नातवाची हकीकत सांगितली, तपासण्या, दोषाचे नाव, डॉक्टर काय म्हणाले ते सर्व. कात्री हातात तशीच राहिली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे मी आळशी नव्हतो.”

आम्ही त्याची क्षमा मागितली. ती त्याने केली की नाही, आम्हांस ठाऊक नाही. त्याने नातवास पाणी दिले, गणवेश गुरुवारी मिळेल म्हणून सांगितले, आणि शिलाईचे पैसे नेहमीप्रमाणे मोजून घेतले. या व्यासपीठावरून हे सांगण्यास त्याची परवानगी घेतली आहे. नाव मात्र सांगू नका म्हणाला.

आता कायद्याचे थोडे सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला, त्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगता धरल्या आहेत आणि अध्ययन-अक्षमता ही त्यांपैकी एक आहे. डिस्ग्राफियाचा त्यात नावाने उल्लेख आहे. अशी मुले लवकरात लवकर हेरावीत असे कलम १६ सांगते. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयी करण्याचे कलम १७ सांगते. आपल्या महाराष्ट्राने तर शालान्त परीक्षेत अशा मुलांस सवलती देण्यास १९९६ सालीच आरंभ केला होता. म्हणजे त्यानंतर वीस वर्षे आम्ही नोकरीत होतो आणि आम्हांस पत्ता नव्हता. परिपत्रके येत, आम्ही त्यांवर सह्या करीत असू. सही सुंदर येई.

दिव्यांगता चाळीस टक्के असल्याखेरीज लेखनिक नाही, असा अर्थ परीक्षा घेणारे पुष्कळ वर्षे लावीत असत. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अर्जदार वैद्यकीय पदवीधर. हात लिहिताना आखडतो. नागरी सेवा परीक्षेसाठी मागितलेला लेखनिक आयोगाने नाकारलेला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की चाळीस टक्क्यांची अट लेखनिकास लागू होत नाही. ज्याला लिहिता येणे कठीण आहे त्यास लेखनिक मिळाला पाहिजे. हा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आपल्या महाराष्ट्राचेच. त्यानुसार ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र शासनाने चाळीस टक्क्यांखालील उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दुसरा खटला अवनी प्रकाश या विद्यार्थिनीचा, तो मुंबई उच्च न्यायालयातून वर गेला. तिला डिस्ग्राफिया, वैद्यकीय प्रवेशाच्या २०२१ च्या परीक्षेत तिला मिळावयाचा एक तास जादा वेळ केंद्रावर दिला गेला नाही आणि उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षेचा हुकूम दिला नाही, परंतु तिच्यावर अन्याय झाला हे मान्य करून तो दूर कसा करावयाचा ते आठवड्याच्या आत ठरविण्यास परीक्षा घेणाऱ्या संस्थेस सांगितले. केंद्रावरच्या माणसांस नियम ठाऊक नव्हते, एवढ्यावरून एका मुलीची वर्षांची मेहनत पणास लागली. त्या केंद्रावर आम्ही असतो तर आम्हीही घड्याळाकडे बोट दाखवून उत्तरपत्रिका काढूनच घेतली असती.

लेखनिक घेणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर उत्तीर्ण होणे, असे आपल्यातले काही वडीलधारे खाजगीत बोलतात. त्यांस एक विचारावेसे वाटते. शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी झाली, ती सांगितली ज्ञानोबांनी आणि लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे यांनी लिहून ठेवले. चोखोबांचे अभंग अनंतभट्ट लिहीत, असे परंपरा सांगते. महाभारत तर व्यासांनी सांगितले आणि प्रत्यक्ष गणपतीने लिहिले. लेखनिकामुळे ग्रंथकर्त्याचे श्रेय कमी झाले, असे आम्ही कोणत्याही कीर्तनात ऐकलेले नाही. परीक्षेतला लेखनिक तर मुलापेक्षा खालच्या इयत्तेतला असतो. तो उत्तर कोठून सांगणार? खोटे दाखले मिळवू पाहणारे निघतीलच, आणि त्यांचा बंदोबस्त शासनाने करावा. त्यांच्यासाठी खऱ्या मुलाने बुडावे काय?

खरी अडचण निराळी आहे, आणि ती या सभागृहातच बसलेली आहे. दिव्यांगतेचा दाखला काढावयाचा म्हटले तेव्हा विरोध आमच्या घरातूनच झाला. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, मुलगा आहे म्हणून निभावेल, मुलगी असती तर उद्या वधूवर मेळाव्यात कोणी विचारले नसते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, म्हणून ते अधिक लागले. याच मंडळाच्या वधूवर सूचीत आम्ही बारा वर्षे माहिती लिहून घेत आलो आहोत, आणि ‘अक्षर मोत्यासारखे’ हे मुलीच्या गुणांत मोठ्या हौसेने घातले आहे. दाखला न काढल्यामुळे शाळा सुटलेल्या मुली आपल्या समाजात किती, याची सूची मात्र कोणी केली नाही. २०१८ सालच्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे हा दाखला आठव्या वर्षाआधी देत नसत, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागे. म्हणजे दर टप्प्यावर घरच्यांना धीर धरावा लागतो, आणि धीर खचविणारे शेजारी पुष्कळ.

हस्ताक्षर स्पर्धा बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. आज ज्या मुलीस ढाल मिळाली तिचे अक्षर आम्ही पाहिले आहे. डोळ्यांचे पारणे फिटावे असेच ते आहे. पण गुणगौरवाच्या यादीत नाव येण्यासाठी हस्ताक्षराचा नमुना जोडण्याची जी अट आहे ती काढावी, असा ठराव आम्ही मांडला होता आणि तो काल मंजूर झाला. ती अटही आम्हीच घातली होती.

दुसरी गोष्ट लेखनिकांची. आमच्या नातवाची दहावी पुढील वर्षी आहे, आणि आपल्या समाजात त्याच्यासारखी आणखी मुले आहेत हे गेल्या दोन महिन्यांत घरोघर फिरून आम्हांस कळले आहे. शाळा ऐनवेळी लेखनिक शोधू लागतात, मिळतो तो गोंधळलेला असतो, आणि सांगणाऱ्याची व लिहिणाऱ्याची ओळखही नसते. किमान महिनाभर दोघांनी एकत्र बसून सराव केला पाहिजे. कोठे थांबावयाचे, स्वल्पविराम कसा सांगावयाचा, आकृतीसाठी काय म्हणावयाचे, हे सारे शिकावे लागते. केंद्राच्या २०१३ च्या सूचनांप्रमाणे तासामागे निदान वीस मिनिटे जादा वेळ मिळावयाचा, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस लेखनिकाने चार तास बसण्याची तयारी ठेवावी. आठवी-नववीतल्या ज्या मुलामुलींस हे काम करण्याची इच्छा असेल त्यांनी पालकांच्या संमतीने आपली नावे कार्यालयात आमच्याकडे द्यावीत. सराव दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा, येथेच, वरच्या खोलीत. अर्ज शाळेमार्फत वेळेत जावा लागतो, तेव्हा नावे दिवाळीपूर्वी यावीत. फलकावर नाव लिहिणे ज्यांस कठीण जाईल, त्यांनी नुसते येऊन सांगावे. आम्ही लिहून घेऊ.